पाहण्याचा हक्क कोणाचा?

यात्रेहून परतलेल्या मंडळींकडून प्रवासाची हकीकत ऐकणे हा आपल्याकडील एक जुना प्रघात आहे. रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात, लग्नघरी, आजाऱ्याच्या भेटीला गेले असताना, कोठेही हा विषय निघतो आणि रंगतो. आमचा एक लहानसा गट युगांडातील नामुगोंगो येथे, १९६४ साली संतपदाला पोहोचलेल्या बावीस रक्तसाक्ष्यांच्या तीर्थस्थानी जाऊन आला. यात्रा आटोपल्यावर काही दिवस हाताशी होते. ते त्या देशाच्या पश्चिम भागातील किबाले राष्ट्रीय उद्यानात रानातील चिंपांझी पाहण्यात घालवावेत, असे सर्वानुमते ठरले. परतल्यापासून मात्र आमच्याच सहप्रवाशांच्या तोंडून एक वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की, त्याचा जाहीर प्रतिवाद करणे आम्हांला आवश्यक वाटू लागले आहे. ते वाक्य असे: "अडीचशे डॉलर मोजले, आणि माकडे दाखवली तासभर, तीही दहा मीटरवरून, तोंडाला फडके बांधून!"

ऐकणारे हसतात. कोणी म्हणते, "त्यापेक्षा राणीच्या बागेत गेला असता तर बरे झाले असते." वाक्य तसे निरुपद्रवी वाटते, पण त्यातील जवळजवळ प्रत्येक शब्दात एक चूक दडलेली आहे, आणि ती चूक केवळ माहितीची नाही. आम्ही त्या गटात होतो; त्या तासात जे घडले त्यात आमचाही वाटा आहे. म्हणून हा प्रतिवाद आम्ही दुसऱ्यांशी जितका करीत आहोत, तितकाच स्वतःशीही करीत आहोत.

प्रथम 'माकडे' हा शब्द घेऊ. चिंपांझी हे माकड नव्हे. त्याला शेपूट नसते. गोरिला, ओरांगउटान, बोनोबो आणि चिंपांझी हे मोठे बिनशेपटीचे वानर, आणि प्राणिशास्त्राच्या वंशावळीत यांतील चिंपांझी व बोनोबो हे माणसाला सर्वांत जवळचे. १९६० सालच्या जुलै महिन्यात जेन गुडाल नावाची सव्वीस वर्षांची इंग्रज तरुणी टांगानिका सरोवराच्या काठी गोंबेच्या जंगलात उतरली आणि त्याच वर्षी तिने एका चिंपांझीला गवताची काडी वाळवीच्या वारुळात घालून वाळवी बाहेर काढताना पाहिले. हत्यार वापरणारा तो माणूस, ही व्याख्या त्या दिवसापासून डळमळीत झाली. गुडालबाई २०२५ सालच्या ऑक्टोबरात, एक्याण्णवाव्या वर्षी निवर्तल्या. त्यांनी सुरू केलेले निरीक्षण आजही चालू आहे. किबालेच्याच कन्यावारा भागातील संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केले की, तेथील लहान चिंपांझी लाकडाची काठी कवटाळून फिरतात, तिला घरट्यातही नेतात, आणि हा खेळ मुलांपेक्षा मुलींमध्ये अधिक दिसतो. बाहुलीशी खेळणारी नात घरी असलेल्या आजीने हे वाचून 'माकडे' म्हणून दाखवावे!

त्याच वेळी या प्राण्याला भाबडा, निरागस ठरवण्याचेही कारण नाही. गोंबेत १९७४ ते १९७८ या काळात एका टोळीने आपल्यातूनच फुटून निघालेल्या दुसऱ्या टोळीतील नरांना एकेक करून ठार मारले. किबालेतील चिंपांझी तांबड्या कोलोबस माकडांची शिकार करून खातात. आम्ही त्यांना संत ठरवू इच्छीत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, ज्याला आई असते, टोळीत मान असतो, वैर असते आणि समेटही असतो, अशा प्राण्याला पाहायला जाताना आपण कोणाच्या दारात उभे आहोत, याचे भान हवे.

आता 'दाखवली' या शब्दाकडे वळू. किबालेत कोणी चिंपांझी 'दाखवीत' नाही. सुमारे आठशे चौरस किलोमीटरांचे हे रान १९३२ साली राखीव झाले आणि १९९३ साली राष्ट्रीय उद्यान झाले. तेरा जातींची माकडे व वानर तेथे राहतात. चिंपांझींची संख्या दीड हजाराच्या आसपास मानली जाते. यांतील बहुसंख्य चिंपांझी माणूस दिसताच पळून जातात. पर्यटकांना जे दिसतात, ते माणसाची सवय लावलेल्या मोजक्या टोळ्यांमधील. ही सवय लावण्यासाठी रखवालदार दररोज, पाऊस असो वा चिखल, त्यांच्या मागे फिरतात. पहिले कित्येक महिने चिंपांझी पळतात, ओरडतात, झाडावरून घाण टाकतात. मग हळूहळू या दोन पायांच्या प्राण्याकडे दुर्लक्ष करू लागतात. यात वर्षे जातात. आपण तासाभरात जे पाहून येतो, त्यामागे कोणाच्या तरी आयुष्याची अनेक वर्षे असतात.

आणि या सवयीचा अर्थ काय, याचाही विचार व्हावा. रानातल्या जीवाची एकच संरक्षक तटबंदी असते, ती म्हणजे त्याची भीती. माणसाची भीती होती म्हणून तो शिकाऱ्यापासून दूर राहिला, आणि नकळत माणसाच्या रोगापासूनही दूर राहिला. आपल्याला पाहता यावे म्हणून ती भीती काढून घेण्यात आली. ज्याच्या घराची कडी आपल्या सोयीसाठी काढली, त्याच्या घरी आपण कसे वागावे? आमच्या मते सारा प्रश्न एवढाच आहे. दहा मीटर, एक तास आणि तोंडावरची मुखपट्टी हे त्या काढलेल्या कडीच्या जागी बसवलेले तकलादू दोरे आहेत. ते आपण हसत हसत तोडावेत काय?

त्या सकाळचे थोडे वर्णन केल्याशिवाय पुढील मुद्दा कळणार नाही. फोर्ट पोर्टल गावाहून गाडीने कन्यांचू येथे पोहोचलो. आठच्या सुमारास एका रखवालदार बाईने आम्हां सहा जणांना एकत्र करून नियम सांगितले. गणवेश, खांद्यावर बंदूक, आवाज मृदू. पण शब्द ठाम. दहा मीटरांपेक्षा जवळ जायचे नाही. चिंपांझी स्वतः जवळ आला तर आपण मागे सरायचे. खायचे नाही, थुंकायचे नाही. शिंक आली तर तोंड फिरवून कोपरात शिंकायचे. शेवटी तिने विचारले, "कोणाला सर्दी, खोकला, ताप किंवा पोटाचा त्रास आहे का? असेल तर आताच सांगा. त्यात लाज नाही. नियमांत तुमच्यासाठी सोय आहे."

कोणी काही बोलले नाही.

आमच्या गटातील एक ज्येष्ठ गृहस्थ दोन दिवसांपासून पडशाने हैराण होते. आदल्या रात्री त्यांच्या खोकल्याचा आवाज भिंतीपलीकडे आम्हांला ऐकू येत होता. सकाळी त्यांनी गोळी घेतली होती. गाडीत त्यांच्या पत्नीने हलक्या आवाजात म्हटले, "अहो, सांगू या का त्यांना?" त्यांनी उत्तर दिले, "गप्प बस गं. साधं पडसं आहे. दोघांचे मिळून चाळीस हजारांवर गेलेत." हे आम्ही ऐकले. रखवालदार बाईने प्रश्न विचारला तेव्हा आम्ही त्यांच्याकडे पाहिले, त्यांनी आमच्याकडे पाहिले, आणि आम्ही नजर खाली घातली. परक्या देशात आपल्या माणसाची शोभा कशाला, असे त्या क्षणी वाटले.

रानात शिरल्यावर तासभर चालणे झाले. उंच झाडांच्या मुळांचे भिंतीसारखे पसारे, खाली ओला पाचोळा, वर कोठेतरी पक्ष्यांचा कलकलाट. मग एकाएकी लांबून हुंकार सुरू झाले. ते चढत चढत किंकाळीला पोहोचले आणि त्यापाठोपाठ झाडाच्या मुळावर ढोल बडवावा तसा आवाज आला. अंगावर काटा उभा राहिला. थोड्या वेळाने उंबराच्या कुळातील एका प्रचंड वृक्षाखाली आम्ही उभे होतो, आणि वर फांद्याफांद्यांवर काळ्या आकृती फळे खात बसल्या होत्या. एक मादी खाली उतरली. तिच्या पोटाला पिल्लू बिलगले होते. ती आमच्यापासून काही अंतरावर बसली, पिल्लाच्या डोक्यातील केस बोटांनी बाजूला करून निरखू लागली. जिने आपल्या मुलांची डोकी विंचरली आहेत, अशा कोणत्याही आईला ती बोटे ओळखीची वाटली असती.

त्याच वेळी आमचे ते गृहस्थ छायाचित्रासाठी पुढे सरकले. श्वास नीट घेता येत नाही म्हणून त्यांनी मुखपट्टी हनुवटीखाली ओढली होती. त्यांना खोकला आला. बाईंनी झटकन हात आडवा करून त्यांना मागे घेतले. मादी उठली आणि पिल्लाला घेऊन झाडीत गेली. सारे मिळून अर्धा मिनिट. यानंतर त्या मादीचे काय झाले, पिल्लाचे काय झाले, हे आम्हांला ठाऊक नाही. बहुधा काहीही झाले नसेल. परंतु 'बहुधा' या शब्दावर दुसऱ्याचे पिल्लू पणाला लावण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिला होता?

"पडशाने कोणी मरते काय?" असे विचारणाऱ्यांसाठी त्याच किबालेतील दोन घटना सांगतो. २०१३ साली कन्यावारा येथील छप्पन्न चिंपांझींच्या टोळीत खोकल्याची साथ आली. पाच दगावले. त्यांत बेट्टी नावाचे दोन वर्षांचे पिल्लू होते. तिच्या मृतदेहाची तपासणी झाली आणि फुप्फुसांत ऱ्हायनोव्हायरस सी हा विषाणू सापडला. हा विषाणू माणसाच्या मुलांना सर्रास पडसे देणारा. संशोधकांना असे आढळले की, या विषाणूला पेशीत शिरायला जे दार लागते, ते चिंपांझींमध्ये जन्मतःच उघडे असते; माणसांतही ज्या बालकांमध्ये असा वारसा असतो, त्यांना दम्याचा त्रास अधिक होतो. दुसरी घटना न्गोगो येथील. तेथे दोनशेच्या वर चिंपांझींची, आजवर ज्ञात असलेली सर्वांत मोठी टोळी होती. २०१६ च्या डिसेंबरात तेथे श्वसनरोगाची साथ सुरू झाली आणि २०१७ च्या आरंभापर्यंत पंचवीस चिंपांझी मेले. कारण मेटान्यूमोव्हायरस, म्हणजे पुन्हा माणसाच्या नाकातोंडातलाच विषाणू.

न्यायाने बोलायचे तर हेही सांगितले पाहिजे की, या दोन्ही टोळ्या संशोधकांच्या आहेत, पर्यटकांच्या नव्हेत. आणि तो रोग अमुक माणसाने आणला, असे कोणी सिद्ध केलेले नाही. परंतु यावरून पर्यटक निर्दोष ठरत नाही; उलट प्रश्न अधिकच गंभीर होतो. जेथे रोज तीच शिस्तीतली, शिकलेली, काळजी घेणारी माणसे जातात, तेथे जर असे घडते, तर जेथे रोज नवी माणसे विमानातून उतरून, गर्दीच्या विश्रामगृहांत राहून, गोळ्या घेऊन पोहोचतात, तेथे किती सावध राहावयास हवे? चिंपांझीच्या मादीला पहिले पिल्लू तेराचौदाव्या वर्षाच्या सुमारास होते आणि दोन पिल्लांत पाचसहा वर्षांचे अंतर असते. पंचवीस गेल्यावर ती पोकळी भरायला किती काळ लागेल, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

म्हणून मोठ्या वानरांच्या पर्यटनासाठी जागतिक निसर्गसंवर्धन संघाने २०१० सालीच नियम घालून दिले: मुखपट्टी असावी, किमान सात मीटर अंतर असावे, भेट एका तासाच्या वर नसावी, आजारी माणसाने जाऊ नये. २०२० साली करोनाची साथ आली तेव्हा अंतर दहा मीटर करावे असे सांगण्यात आले. हे नियम कागदावर चांगले आहेत. प्रत्यक्षात काय होते? पर्वतीय गोरिलांबरोबर पर्यटकांनी काढून समाजमाध्यमांवर टाकलेली ८५८ छायाचित्रे काही अभ्यासकांनी तपासली. त्यांपैकी ८६ टक्के छायाचित्रांत माणूस चार मीटरांच्या आत होता. म्हणजे नियम मोडणारा हा एखाददुसरा उनाड तरुण नसतो. तुमच्याआमच्यासारखी घरंदाज माणसेच असतात, आणि तो पुरावा ती स्वतःच अभिमानाने मिरवतात.

आता 'अडीचशे डॉलर' या शब्दांकडे येऊ. कारण खरे दुखणे तेथे आहे. जुलै २०२४ पासून किबालेत परदेशी पाहुण्याला चिंपांझी पाहण्यासाठी अडीचशे डॉलर भरावे लागतात. रक्कम मोठी आहे, हे आम्ही नाकारीत नाही. आपल्याकडील कित्येक कुटुंबांचा महिन्याचा खर्च त्यात भागतो. पण या पैशाने आपण नेमके काय विकत घेतले? चिंपांझी विकत घेतला नाही. त्याचे दर्शनही विकत घेतले नाही. शोध घेऊनही तो दिसला नाही, असे होऊ शकते, आणि हे आधी सांगितलेले असते. आपण घेतली ती फक्त त्याच्या रानात काही अटींवर शिरण्याची परवानगी. डॉक्टरांची फी भरली म्हणून कोणी त्यांच्या हातातील सुरी मागत नाही. मग येथेच "पैसे मोजलेत" हा मंत्र का चालावा? पैसे मोजल्याने नियम सैल होतात, ही आपल्या अंगी मुरलेली सवय आहे. आम्ही ती घरून नेली होती. कोणीतरी त्या बाईंच्या हातात नोट ठेवून "थोडे जवळून" असे सुचवलेही. त्यांनी नोट परत केली. पण महिनाअखेरीला घरी पैसे पोहोचवायचे असलेल्या एखाद्या गरीब माणसाला ती रोज परत करावी लागते, याचा आपण विचार केला आहे काय? त्याच्या प्रामाणिकपणाची परीक्षा घेण्याचे काम यात्रेकरूंनी अंगावर घेऊ नये.

येथे दुसऱ्या बाजूचे लोक पुढे येतात आणि म्हणतात, "एवढे असेल तर कोणीच जाऊ नये. रान रानाला सोडा." हे म्हणणे ऐकायला उदात्त आहे, आम्हांला मात्र ते पटत नाही. रखवालदारांचा पगार, फासे शोधून काढणाऱ्या तुकड्या, जखमी वानरांवर उपचार, यांचा खर्च बव्हंशी पाहुण्यांच्याच पैशातून निघतो. रानात डुकरासाठी, हरणासाठी लावलेल्या तारेच्या फाशात चिंपांझींचे हातपाय अडकतात. किबालेत पंजा गमावलेले, बोटे वाकडी झालेले चिंपांझी विरळा नाहीत. मार्च २०२० मध्ये युगांडाने वानरांचे पर्यटन बंद केले. त्यानंतर थोड्याच महिन्यांत, जूनच्या पहिल्या तारखेस, त्याच देशातील ब्विंडीच्या रानात रफीकी नावाचा प्रसिद्ध गोरिला भाल्याने मारला गेला. मारेकरी शिकारीला गेलेला गावकरी होता. पाहुणे येणे थांबले की रान सुरक्षित होते, हा समज खोटा आहे. ज्या रानाचा कोणाला उपयोग उरत नाही, ते रान तोडले जाते. तेव्हा जावे की न जावे हा वाद आम्ही येथेच सोडतो. जावे, पण पाहुण्यासारखे जावे.

आणि आता ज्यांचा उल्लेख आपल्या प्रवासवर्णनांत कधी येत नाही, त्या माणसांकडे वळू. किबाले हे निर्मनुष्य रान नव्हते. राखीव जंगलात आणि त्याला लागून असलेल्या श्वापदांच्या वाटेच्या पट्ट्यात शेती करून राहिलेल्या हजारो कुटुंबांना १९९२ साली सरकारने बाहेर काढले. घरे मोडली, उभी पिके गेली. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय उद्यान झाले. आज आपण ज्या हिरव्या शांततेची छायाचित्रे दाखवतो, तिच्याखाली ही आठवण पुरलेली आहे. ते वसलेले कायद्याने बेकायदा होते, असे उत्तर मिळते. असेलही. पण कायदा हाती असला म्हणून माणसाला घरातून उठवण्याची रीत कोणतीही चालते, असे आपल्यापैकी कोणी म्हणू नये. निदान गोव्याच्या मंडळींनी तरी म्हणू नये. ऑगस्ट १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातील आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडण्याचा हुकूम दिला, तेव्हा कंपाला आणि एंटेबे येथे कारकुनी आणि शिक्षकी करीत पिढी घालवलेली कितीतरी गोवेकर ख्रिस्ती कुटुंबे हातातल्या सामानानिशी बाहेर पडली. त्या घरांत ही गोष्ट आजही सांगितली जाते. ज्यांच्या घरी १९७२ ची आठवण आहे, त्यांनी त्याच देशातील १९९२ विसरू नये. दोन्ही घटना सारख्या नाहीत. परंतु चूल विझवून निघालेल्या बाईचे दुःख दोन्हीकडे एकच असते.

उद्यानाच्या कडेला आजही शेते आहेत. मका आणि केळी पिकली की हत्ती येतात, बबून येतात, चिंपांझीही येतात. राखणीसाठी मुले शाळा बुडवून शेतात बसतात. जेथे रानाचे केवळ तुकडे उरले आहेत, तेथे तर परिस्थिती भयंकर आहे. पश्चिम युगांडातील क्यामाजाका या गावी २०१४ साली, आई शेतात काम करीत असताना, एका चिंपांझीने तिचे लहान मूल उचलून नेले. ते मूल वाचले नाही. त्या गावाभोवतीचे रान तोडून शेते झाली होती आणि भुकेले चिंपांझी परसदारी येऊ लागले होते. त्या आईपुढे उभे राहून 'चिंपांझी वाचवा' असे आपण कोणत्या तोंडाने म्हणणार? तरीही म्हणावे लागते. कारण त्यांचे रान राहिले असते, तर तिचे मूलही राहिले असते. रान आणि माणूस यांचा येथे एकच खटला आहे, दोन नव्हेत.

युगांडाच्या कायद्याने उद्यानाच्या प्रवेशशुल्काचा वीस टक्के हिस्सा शेजारच्या गावांसाठी ठरवून दिलेला आहे. तरतूद चांगली आहे. पण शेतात रात्रभर जागलेल्या बाईच्या नुकसानीच्या मानाने तो हिस्सा तुटपुंजाच. याउलट, कन्यांचूपासून जवळच बिगोडी गावात लोकांनी स्वतः एक मार्ग काढला आहे. १९९२ साली, म्हणजे जेव्हा हुसकावणी चालली होती त्याच वर्षी, तेथील गावकऱ्यांनी संस्था स्थापन करून गावच्या दलदलीचे जतन सुरू केले. लाकडी फळ्यांच्या वाटेवरून गावातलाच वाटाड्या पाहुण्याला पक्षी आणि माकडे दाखवतो. बायका टोपल्या विणून विकतात. त्या पैशातून गावात माध्यमिक शाळा उभी राहिली. आमच्या गटाला तेथे अर्धा दिवस थांबायचे होते. परंतु "चिंपांझी पाहिले, आता तेथे काय आहे?" असे म्हणून बहुमताने गाडी वळवण्यात आली. फोर्ट पोर्टलला चहा आणि दुपारचे जेवण घेण्यात तोच अर्धा दिवस गेला. अडीचशे डॉलर गेल्याची हळहळ करणाऱ्यांनी बिगोडीच्या टोपलीसाठी मात्र हात आखडता घेतला.

यातून आमची मागणी काय? ती फार मोठी नाही. आपल्याकडे सहली आयोजित करणाऱ्यांनी पत्रकात 'हमखास दर्शन' आणि 'अगदी जवळून' असे शब्द छापणे बंद करावे. त्याऐवजी, आजारी असाल तर रानात जाता येणार नाही, हे ठळक अक्षरांत छापावे आणि पैसे भरण्यापूर्वीच सांगावे. गटप्रमुखाने आदल्या रात्री प्रत्येकाची विचारपूस करावी, आणि कोणी मागे राहिलाच तर त्याचा भार साऱ्या गटाने वाटून घ्यावा. सहा जणांनी वाटून घेतले तर एकाला खोटे बोलण्याचे कारण उरत नाही. मुखपट्टी नाकावर राहावी. नोट खिशात राहावी. रानाइतकाच वेळ शेजारच्या गावासाठी राखावा. आणि परतल्यावर सांगायचेच असेल, तर किती जवळ गेलो यापेक्षा किती दूर थांबलो हे सांगावे.

कोणी म्हणेल, एवढ्याशा पडशासाठी एवढा मोठा लेख? पण मोठी पापे करण्याची संधी आपल्यासारख्या सामान्य माणसांना क्वचितच मिळते. आपल्या वाट्याला येतात ती अशीच लहान असत्ये: एका प्रश्नाला न दिलेले उत्तर, हनुवटीखाली ओढलेली मुखपट्टी, आपल्या माणसाची शोभा नको म्हणून खाली घातलेली नजर. त्या गृहस्थांवर आमचा राग नाही. ते सज्जन आहेत, शेजाऱ्याच्या अडीअडचणीला धावणारे आहेत. हा लेख छापून आल्यावर ते आमच्याशी बोलणे बंद करतील, अशी आम्हांला धास्तीही आहे. तरीही लिहीत आहोत. कारण खोकला त्यांचा होता, पण मौन आमचे होते. त्या सकाळी त्या बाईंनी प्रश्न एकदाच नव्हे, दोनदा विचारला होता. दुसऱ्या वेळी त्या थेट आमच्याकडे पाहत होत्या.